इंजिन गार असलं पाहिजे

आधीच सांगून टाकते, असले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण करमणूक म्हणून. वाचून झालं की "ह्याला ॲसिडिटी झाली असणार" असं म्हणून चहाचा कप विसळायला जाते. मी मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली एकोणीस वर्षं रक्त तपासतेय. आमच्याकडे 'वाटतं' या शब्दाला किंमत नाही, नमुना असतो आणि रिपोर्ट असतो. काळी बाहुली, लिंबू-मिरची, गाडीच्या नंबरची बेरीज आठ येते म्हणून गाडी नको... यातलं मी काहीही मानत नाही. मानत नव्हते असं लिहू का? नको, अजूनही मानत नाही. पण घरात एक शर्ट आहे, आणि त्या शर्टाचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

तर आमचं माहेर भाईंदर पूर्वेला, गोडदेवला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मूळचे रत्नागिरीकडचे. गोडदेव नाक्याजवळ त्यांचं मोटारसायकलींचं छोटं गॅरेज होतं — म्हणजे एक गाळा, दोन स्टुलं आणि भिंतीला टांगलेले पाने. तरुणपणी टायर फुटून त्यांचा उजवा कान गेला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर चेनमध्ये सापडून तुटलं होतं. कोणी जुनी गाडी घेणार असला की अण्णांना बरोबर न्यायचा. अण्णांचा एकच नियम होता : गाडी बघायला कळवून जायचं नाही, आणि गेल्या गेल्या हात इंजिनावर ठेवायचा. इंजिन गार असलं पाहिजे. गरम लागलं तर समजायचं की विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलीय, कारण गार इंजिनाचे नखरे त्याला लपवायचे आहेत. मग गाडी कितीही चकचकीत असो, वळायचं आणि घरी यायचं.

इंजिन गार असेल तर पुढची परीक्षा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि दांडा डाव्या कानाला लावून डोळे मिटून ऐकायचं. आणि पसंत पडलं, काम असो की माणूस असो, की अण्णा समोरच्याच्या पाठीवर थाप मारायचे. हात काळे, तेलकट. समोरच्याचा शर्ट संपला! माझ्या लग्नात त्यांनी माझ्या नवऱ्याच्या क्रीम कलरच्या सफारीवर मारली होती. आई आयुष्यभर एकच वाक्य ओरडत आली, "पुसलेत परत हात!" ते पुसत नव्हते, हे तिला कधी पटलं नाही.

आता वैशालीबद्दल. वैशू माझी धाकटी बहीण, नर्स. नोकरीसाठी आखातात गेली आणि तिथे तिला रामोन भेटला. रामोन फिलिपिन्सचा, बेकरीत कामाला. तिने फोनवर अण्णांना सांगितलं की मला याच्याशी लग्न करायचंय. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर ते सात महिने जगले, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते गेले तेव्हा लॉकडाऊनमुळे विमानं बंद होती, तिला येताही आलं नाही. लग्न तिने नंतर तिकडेच केलं, गुपचूप. रामोनने अण्णांना कधी पाहिलं नाही.

पुढे आईला पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हा वैशू नोकरी सोडून गोडदेवला आली आणि तिच्या मागोमाग रामोन. आईची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'पाणी', 'हं' आणि कधीतरी आमची नावं, तीही उलटसुलट. माझ्या बहिणीने आणि त्या परक्या पोराने तिचं जे केलं ते मी लिहीत बसत नाही, ते आम्हाला माहीत आहे. पण दोघांचं ठरलं होतं की रामोनचा इथे जम बसतो का ते बघायचं आणि नाहीच बसला तर त्याच्या देशात जायचं. आईला तिकडे नेता येणार नव्हतं, म्हणजे आई माझ्याकडे आणि वैशू पुन्हा समुद्रापलीकडे. ती बोलून दाखवत नसे, पण तिचं म्हणणं मला कळत होतं. हे घर अण्णांचं आहे आणि अण्णांनी याला घरात घेतलेलंच नाही, तर जम बसणार कसा?

आणि अशात रामोनला काम मिळालं. उत्तनच्या पुढे एका रिसॉर्टच्या बेकरीत. व्हिसा, कामाची परवानगी, लायसन्स, सगळं रीतसर होतं. अट एकच, पहाटे साडेपाचला हजर पाहिजे. त्या वेळी गोडदेवहून उत्तनला पोचवणारं काहीही नाही. म्हणजे मोटारसायकल हवी, आणि पहाटे वाटेतल्या मोरव्याच्या सुनसान रस्त्यावर बंद पडणार नाही अशी हवी. कामावर जायला नऊ दिवस होते. नवीन गाडी परवडणारी नव्हती.

मी म्हटलं त्यात काय, मेकॅनिकच्या मुली आहोत, गाडी शोधू. कसलं काय! लोक गाडी दाखवायला तयार होते, पण रामोनचा चेहरा बघितला की त्यांचं गाडं अडायचं. एकाने तोंडावर सांगितलं, "मॅडम, कल को ये अपने देश निकल गया और गाडी मेरे नाम पे रह गयी तो? पुलिस मेरे घर आयेगी." त्याची भीती खोटी नव्हती. नाव बदलून होईपर्यंत विकणाऱ्याचा जीव टांगणीलाच असतो. दुसऱ्याने फोनवर जी गाडी तयार ठेवली होती ती आम्ही पोचेपर्यंत 'अभी अभी बिक गयी' होती. रामोन प्रत्येकाला हसून "चालेल, चालेल" म्हणायचा. त्याला मराठीतले तेवढे चार शब्द येतात — चालेल, बस, आई आणि ताई. बाकी तो इंग्रजी बोलतो, ते मी इथे मराठीत लिहितेय.

पाचव्या दिवशी केबिन रोडजवळच्या एका डीलरची गाडी मी पसंत केली. लाल, नव्यासारखी. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, "भैया, हम कल दस बजे आ रहे हैं." शिवाय पोचायच्या आधी स्टेशनवरून आणखी एक फोन. मेकॅनिकची मुलगी! आपण कुणाच्या घरी जाताना कळवून जातो ना, तसं. अण्णांचा नियम मला आठवलासुद्धा नाही.

डीलरने गाडीला किक मारायच्या आत रामोन खाली वाकला, आणि त्याने इंजिनावर तळहात ठेवला. लगेच काढला. आपल्या उजव्या बाजूला बघितलं आणि मान हलवली. "गरम आहे, ताई. ही नको."

"अरे पण—"

"नको." आणि तो वळून चालायला लागला. डीलर मागून ओरडत होता, "अरे साब, धूप में खडी थी!" गाडी दुकानाच्या आत, पंख्याखाली उभी होती.

मला राग आला आणि थोडं बरंही वाटलं. म्हटलं वैशूने शिकवून पाठवलेलं दिसतंय. घरी येऊन तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी? मला काय माहीत? मी कधी गॅरेजची पायरी तरी चढले का? मला ग्रीसच्या वासाने उलटी व्हायची." हे खरं होतं. गॅरेजमध्ये मी असायचे, ती नाही. मग मी म्हटलं, व्हिडिओ बघितला असेल. आजकाल सगळं व्हिडिओवर मिळतं.

रविवार उजाडला, सोमवारी कामावर जायचं होतं. गाडी नव्हतीच. आम्ही दोघं बसने उत्तनला गेलो, मॅनेजरच्या हातापाया पडून चार दिवसांची मुदत मागायला. मॅनेजर भला माणूस, पण म्हणाला, "मॅडम, पाव पहाटेच लागतो ना... मी दुसऱ्याला बघतो मग." आम्ही बाहेर आलो आणि बस स्टॉपकडे चालायला लागलो. वैशूला फोन करायचा होता, तो मी बस स्टॉपवर जाऊन करू म्हणून पुढे ढकलत होते.

सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील, लख्ख ऊन. माणसं चर्चमधून परतत होती. एका घरासमोर रामोन थांबला. मी चार पावलं पुढे जाऊन मागे बघते तर हा गेटच्या आत! पडवीत जुन्या निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी होतं, वर मासळीचं जाळं टाकलेलं. 'विकणे आहे' अशी पाटी नाही, काही नाही. मी लाजेने अर्धी झाले. तेवढ्यात त्या घरच्या बाई मागून आल्या, चर्चच्या कपड्यांत, हातात पुस्तक. साठीच्या असतील. मी माफी मागायला लागले, हा परदेशी आहे, गाडी शोधतोय वगैरे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुमाला कोनी सांगितला गाडी ईकाची हाय?"

"कोणी नाही. हा आपला असाच..."

"मी अजून कोनाला बोललेली न्हाय. काल रातीच मनात आला. पोराला फोन केला, तो बोलला ईकून टाक." त्यांनी जाळं बाजूला केलं. काळी, दीडशे सीसीची, अकरा वर्षांची गाडी. मुलगा बोटीवर असायचा म्हणून गाडी बाईंच्याच नावावर घेतलेली. आता तो कॅनडात होता.

रामोनने तळहात इंजिनावर ठेवला, आणि बराच वेळ ठेवला. मग हाताने खूण केली, स्क्रू ड्रायव्हर. बाईंनी घरातून आणून दिला. किक मारली, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आणि रामोनने — जो जेवतो उजव्या हाताने, लिहितो उजव्या हाताने, पीठ मळतानाही ज्याचा उजवा हात पुढे असतो — त्याने डाव्या हातात स्क्रू ड्रायव्हर धरला, टोक इंजिनाला टेकवलं, दांडा डाव्या कानाला लावला आणि डोळे मिटले. त्याला ते नीट जमत नव्हतं, मान अवघडली होती. पण करत होता तेच, जे मी लहानपणी हजार वेळा बघितलं होतं. माझे हात गार पडले. भर उन्हात.

मग तो उठला आणि एक पाऊल डावीकडे सरकला, शेजारच्याला जागा करून द्यावी तसा. हसला. "ताई, ही चालेल."

बाईंना मी कागदांचं सगळं खरं सांगितलं, की लोक का देत नाहीत, नाव बदलायला वेळ लागतो, तोवर गाडी तुमच्या नावावर राहील. त्यांनी ऐकून घेतलं आणि रामोनकडे बघून म्हणाल्या, "माझा पोर पन तिथं परकाच हाय ना. त्याला जुनी गाडी कोन देत नव्हता. तीन महिने बर्फात चालत कामाव जायाचा. मंग एका म्हाताऱ्यानी दिली." चावी त्यांनी रामोनच्या हातात ठेवली. "ने बाबा. पैसे, कागद मंगळवारी करू."

मला तिथेच रडू आलं. मी रडत नाही सहसा. म्हटलं धूळ गेली डोळ्यात.

परतताना राई गावाच्या अलीकडे, मिठागरं लागतात तिथे, आम्ही चहाला थांबलो. गाडी मस्त चालली होती. मी मॅनेजरला फोन करून गाडी मिळाल्याचं सांगितलं, तो म्हणाला, मग उद्या साडेपाचला पाठवा. रामोन खुशीत होता. कप हातात घेऊन म्हणाला, "ताई, तुमचे ते अंकल घरी का नाही आले आपल्याबरोबर?"

"कोण अंकल?"

"गाडीवाले अंकल. तुम्ही बोलावलं होतं ना त्यांना? त्या दिवशी दुकानात होते, आणि आज पण." त्याचं म्हणणं असं : दुकानात ते त्याच्या उजवीकडे उभे होते. त्यांनी इंजिनावर हात ठेवून दाखवला आणि 'नाही' अशी मान हलवली. आज ते त्या गेटमध्ये उभे होते, म्हणून हा थांबला. स्क्रू ड्रायव्हरची खूण त्यांनीच केली. हा फक्त ते करतील तसं करत गेला. भाषा येत नाही म्हणून बोलत नसतील, असं त्याला वाटलं.

मी म्हटलं, "दिसायला कसे होते?"

"म्हातारे. पांढरी दाढी वाढलेली. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात निळी स्लिपर, फडक्याने बांधलेली."

आता हे नीट लक्षात घ्या. आमच्या घरात अण्णांचा एकच फोटो आहे, माझ्या लग्नातला. त्यात केस काळे केलेले, दाढी गुळगुळीत, अंगात कोट. रामोन रोज त्या फोटोसमोरून जातो, आणि 'हे अंकल त्या फोटोतले' असं त्याला एकदाही वाटलं नाही. शेवटच्या वर्षी शुगरमुळे अण्णांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या पायात बूट जाईना. मग एका पायात बूट, दुसऱ्यात स्लिपर, ती मी निळ्या पट्ट्याची आणलेली, आणि निसटू नये म्हणून आईने जुन्या साडीच्या फडक्याने बांधलेली. त्या अवतारात अण्णांनी आम्हाला फोटो काढू दिला नाही. वैशू तेव्हा इथे नव्हती. तिला पायाचं ऑपरेशन माहीत होतं, स्लिपर माहीत नव्हती. मी तिला कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

चहाचे पैसे मी दिले. रामोनच्या मागे बसले आणि घरी आले. रस्ताभर माझ्या नजरेसमोर त्याची पाठ होती, पण मी कुठे बघत होते कुणास ठाऊक. मला काही दिसलं नाही.

दिसलं ते वैशूला. गाडी बघून ती खाली धावत आली, खूश झाली, रामोनभोवती एक फेरी मारली आणि मागेच थांबली. "ताई," ती म्हणाली, "हे काय आहे?"

रामोनच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली काळ्या तेलाचा पंजा होता. स्पष्ट. चार बोटं आणि अंगठा. अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातच संपत होतं.

आम्ही त्याला वर नेलं. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण वैशूने त्याला आईच्या पलंगाजवळ नेऊन पाठमोरं उभं केलं. आईने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिची नजर शर्टावरून उठली आणि रामोनच्या शेजारी, जिथे कोणी नव्हतं, तिथे गेली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आणि झटका आल्यापासून जिच्या तोंडून धड तीन शब्द एका ओळीत आले नव्हते, ती आमची आई खणखणीत आवाजात ओरडली —

"पुसलेत परत हात!"

वैशू खाली बसली आणि रडायला लागली. अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर ती रडली नव्हती, मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. आता ती रामोनचे पाय धरून रडत होती आणि हसतही होती, आणि बिचारा रामोन "ओके? ओके?" विचारत होता. मी तिला म्हटलं, "अगं, पसंत पडला त्यांना."

या गोष्टीला आता वर्ष झालं. रामोन रोज पहाटे जातो आणि येताना आईला मऊ पाव आणतो. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. निघताना तो अजून इंजिनावर हात ठेवतो, रात्रभर उभी असलेली गाडी गारच असणार, तरी ठेवतो. परदेशी जायचं बोलणं पुन्हा निघालं नाही. ते अंकल मात्र त्याला परत दिसले नाहीत. आईसुद्धा त्यानंतर एवढं मोठं वाक्य बोललेली नाही, पण थोडं थोडं सुधारतेय.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. उत्तनच्या बाईंना विचारलं, तुम्ही याच्या पाठीवर हात ठेवला होता का? त्या म्हणाल्या, न्हाय. चहावाल्याला विचारलं, तोही नाही म्हणाला. गाडीच्या चेनचं तेल उडालं म्हणावं तर मी स्वतः त्याच्या मागे बसले होते. बोट नीट उमटलं नसेल, असंही म्हणता येईल. स्क्रू ड्रायव्हरचं व्हिडिओवरून, आईचं ओरडणं जुन्या सवयीचं. एकेक सुटं घेतलं तर प्रत्येकाला उत्तर आहे. पण निळ्या स्लिपरला उत्तर नाही, आणि सगळं एकत्र घेतलं तर कशालाच नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन.

वैशूने तो शर्ट घडी करून कपाटात ठेवलाय. मी डाग दिसला की आधी भिजत टाकणारी बाई, पण तिने तो धुतलेला नाही आणि मीही धू म्हटलेलं नाही.